चौदा नंबरचा घट

वेधशाळा बंद पडली तेव्हा लोकांनी यंत्रं नेली,
मग दारं, मग खिडक्यांच्या चौकटी.
तळघरातले बावीस घट राहिले,
एकेक उचलायला दोघे लागतात
आणि मुरगाबचा रस्ता अख्खा दिवस खातो.

तीस वर्षांनी ते मी आणले.
ट्रकचं भाडं: दोन मेंढ्या, एक पोतं पीठ.
दीर तुर्सुनाली म्हणाला, वहिनी,
ओशचा भंगारवाला निकेलचे रोख पैसे देतो,
नान विकून तुला मिळतं काय?
म्हटलं, आधी झाकणं तर उघडू दे.

झाकणांभोवती पांढरा क्षार,
पाक गोठावा तसा.
आत तपकिरी गाळ.
जुनं पाणी हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं,
गंमत वाटते,
आणि मग चावतं.
व्हिनेगरची वाटी हाताशी ठेवावी.
माझ्या डाव्या मनगटावर पहिल्या दिवसाची खूण आहे.

किटलीच्या तोटीला रबरी नळी लावून
वाफेचं पाणी जमवलं, थेंब थेंब, अकरा दिवस.
विहिरीचं चालत नाही,
त्यात डोंगर विरघळलेला असतो.
प्रत्येक घट तीनदा विसळला, उपडा घातला.
सून म्हणाली, आमच्या बाळाची बाटली
एवढी कधी धुतली होतीत का?

पोटॅशच्या पापड्या गार पाण्यात सोडल्या
की पाणी आपोआप तापतं, चूल नाही, जाळ नाही.
बादलीला हात लावून
मी कितीदा तरी खात्री केली.

मग मीटर.
शून्य. शून्य. शून्य पूर्णांक दोन. शून्य.
तुर्सुनालीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी भटारीण आहे. न फुगलेल्या कणकेपुढे
किती वेळ गप्प बसायचं, ते मला कळतं.
तडकलेलं सौरपॅनेल दिवसभर त्यांना थोडं थोडं भरवायचं,
रात्री ट्रकचा जुना हेडलाइट लावून रितं करायचं,
पुन्हा भरवायचं.
पहिल्या रात्री तार लालसर झाली, अकरा मिनिटं.
चौथ्या रात्री पाऊण तास.
भरत आलेला घट बुडबुडतो;
उथळ पाण्याला खळखळाट म्हणतात ना, इथे उलटं.
त्या बुडबुड्यांची हवा ठिणगीला टपलेली असते,
म्हणून दिराला सिगारेटसकट
अंगणात उभं केलं, उणे वीसमध्ये.
नवव्या रात्री दिवा उजाडेपर्यंत टिकला
आणि तो काही न बोलता
तारांची टोकं घासायला बसला.

एकवीस उठले. चौदा नंबरचा नाही.
कितीही भरवा, शून्य पूर्णांक नऊ.

घटांबरोबर एक वही आली होती,
कुणा रझुमोव्स्कीच्या अक्षरात, दर सोमवारची नोंद.
चौदा नंबरपुढे: शून्य पूर्णांक नऊ. बदलायचा.
पुढच्या सोमवारी: शून्य पूर्णांक नऊ. बदलायचा.
सहा वर्षं.
शेवटच्या पानावर देशाचं नाव बदललं,
शिक्का तोच राहिला.
चौदा: शून्य पूर्णांक नऊ.
पुढे "बदला" एवढंच, उरलेला शब्द नाही,
पेन्सिल मोडली असेल, किंवा ट्रक आला असेल.

त्याच्या खालची ओळ कोरी होती.
मी तारीख घातली, सोमवार होता,
आणि खरं तेच लिहिलं.

ओशचा माणूस आला, वजनकाटा घेऊन.
त्याला तारांचा कचरा विकला, चहा पाजला.
चौदा नंबर रिता करून, पुसून
कणकेच्या परातीवर ठेवलाय;
झाकण दाबायला असंच जड काहीतरी हवं होतं.

आता पहाटे तीनला दिवा लागतो.
इतकी वर्षं कंदिलाच्या उजेडात नान थापले,
परवा पहिल्यांदा वर बघितलं.
भट्टीचं छत किती काळं झालंय.