सूत

या गोदामात पूर्वी सुकवलेल्या कॉडच्या थप्प्या असत.
साबण-सोड्याने दोनदा घासलं,
तरी फळ्यांना वास आहेच.
शुक्रवारपासून इथे मशीद.
भिंती बंदराकडे तोंड करून बांधलेल्या,
बोटींच्या सोयीने. काबा तेव्हा कोणाच्या ध्यानात?

बाबा गुडघ्यांवर.
सुताचं एक टोक त्यांच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्या.
"ताण, मेलिहा. ढिलं सोडू नकोस."
ते चिमटीत उचलतात, सोडतात—
टण्.
निळ्या भुकटीची रेघ
या भिंतीच्या पोटातून निघून
त्या कोपऱ्यात तिरपी घुसते.

वारसमे दारात बर्फ झटकतो,
मासळीच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला.
"उस्ताद, गालिचा वाकडा बसणार हो."
बाबा मान वर करत नाहीत.
"गालिचा सुतात आहे. घर वाकडं आहे."

या दिवसांत इथे सूर्य उगवत नाही.
दुपारची नमाजसुद्धा दिव्याखाली.
दिवसातून सतरा वेळा
बाबा तोच एक रस्ता मागतात, सरळ,
जणू सकाळी मिळालेला दुपारी हरवला.
लहानपणी मला वाटे,
इतक्यांदा मागावं लागतं म्हणजे तो देत नसणार.
पुढे वाटलं, देतो;
यांच्याच ओंजळीतून सांडतो.

नाकासमोर चालणारा माणूस, म्हणतात लोक.
पण द्रीनाकाठचं गाव सोडलं त्या हिवाळ्यात,
आईच्या पोटात मी,
एक खोरं ओलांडायला तीन रात्री लागल्या.
सुरुंग चुकवत, कधी ओढ्याच्या उलट,
एकदा तर उजाडता उजाडता
निघाले त्याच अक्रोडापाशी परत.
चौकीवर खोटं नाव सांगितलं: मिलोराद.
ते नाव घरात मी एकदाच ऐकलं,
आई गेली त्या रात्री.

आज विचारलं.
सूत ताणलेलं, हात गुंतलेले,
उठून जाता येणार नाही असं बघून.
"तेव्हा सरळ गेला असतात तर?"

"तर हे टोक धरायला कोणी नसतं."

मग बराच वेळ नुसती सुरीची करकर.
कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे कापत ते बोलले,
माझ्याशी नव्हे, लोकरीशी:
"आमच्या पुढे एक म्हातारी होती. कंदील नाही.
ती दिसायची नाही.
तिने पाय उचलला की बर्फात खड्डा दिसायचा.
मी तेवढंच मागत होतो,
अजून एक खड्डा.
म्हातारीचं नावही विचारायचं राहिलं."

आणि लगेच, नेहमीच्या आवाजात,
"डिंक कुठे ठेवलास?"

शुक्रवारी माणसं आली,
सोमाली, कुर्द, आमची दोन घरं,
डॉक्टरीण आणि तिचा झोपाळू मुलगा.
सगळी भिंतींशी फटकून, तिरकी उभी राहिली,
खांद्याला खांदा.
वारसमे अजून मान वाकडी करून कोपरा बघत होता.
मागच्या ओळीत, जिथे गालिचा निमुळता होतो,
माझ्या वाट्याला अर्धीच जागा आली.
कपाळ लोकरीवर,
पावलं उघड्या फळीवर, माशाच्या वासात.

घरी येऊन मोजे काढले,
तर टाचा निळ्या.