नंबर

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात
कूलरला नवा वाळा लावलाय.
मितू एका डोळ्यावर तळवा दाबून
फळ्यावरची अक्षरं सांगते,
तिसऱ्या ओळीला अडखळते,
चौथी चक्क मनानं रचून सांगते.

डॉक्टरीणबाई कार्ड भरता भरता विचारतात,
आईला चष्मा?
नाही, विशाखा म्हणते.
वडलांना?

माझ्या नाकावरच आहे तो.
उणे साडेतीन, नववीपासून.
बाई हसतात, लिहून टाकतात :
मग काय, बाबांकडूनच आलाय.

विशाखा कूलरकडे बघत राहते.

आठ वर्षांपूर्वी रामदासपेठेत
असंच एक कार्ड होतं.
उंची होती, रक्तगट होता, वर्ण गव्हाळ,
आणि नावाच्या जागी एक नंबर.
मी सही केली. पेन त्यांचंच होतं,
सुतळीनं टेबलाला बांधलेलं.
विशाखाला वाटतं, मी तो नंबर विसरलो.
पण मी एलआयसीतला माणूस,
लोकांच्या पॉलिस्या मला तोंडपाठ.
त्या कार्डावर चष्म्याचा रकाना नव्हता,
एवढंही आठवतं.

नामकरणाला आत्या म्हणाली होती,
काहून बाप्पा, पोट्टीनं नाक तं तुहंच उचललं!
मी पेढ्यांचा पुडा घेऊन
सगळ्या गल्लीत फिरलो. दोनदा.
रात्री मोरीत नळ सोडून
बराच वेळ तोंड धूत होतो.

कुठंतरी एक पोरगा असेल,
आता तिशीतला,
बसची पाटी वाचताना डोळे बारीक करणारा.
त्याला कुणी म्हटलं असेल का,
अरे, एकदा नंबर तपासून घे?

मितूला सांगायचं, हे आम्ही
दर उन्हाळ्यात ठरवतो.
दर उन्हाळ्यात ती चार बोटं उंच होते
आणि वाक्य पुन्हा
पहिल्यापासून जुळवावं लागतं.

डोळ्यांत थेंब घालून बाहेर आलो
तर ऊन तिला टोचायला लागलं.
बाबा, तुझा दे ना.
माझा चष्मा घालून ती रस्त्याकडे बघते :
ह्यातून सगळं लहान दिसतं.
तू पण.

आणि मला चष्म्याशिवाय
समोर नुसते दोन रंग, एक पिवळा, एक निळा.
कुणाचं नाक, कुणाची जिवणी,
कशालाच कड नाही.
पिवळा रंग म्हणाला, बाबा, पायरी आहे,
माझा हात धर.