दोन बोटं

मॅडम अबेयरत्नांच्या मायक्रोस्कोपला दोन डोकी आहेत.
एकीकडून त्या बघतात, समोरून मी.
मधोमध हिरवा बाण, तो त्यांच्या हातात.
"काय आहे ते सांगू नकोस, रिफ्का.
काय दिसतं ते सांग."

पहिले आठ महिने मी नावंच सांगत होते,
तोंडी परीक्षेत सांगतात तशी, धाडधाड.
बाण तिथेच थांबून राहायचा
एखाद्या पेशीवर,
जिला मी पाहिलंच नव्हतं.

तळमजल्यावर पियदास मेण कापतात.
चार मायक्रॉन. कांद्याचा पापुद्राही त्याहून जाड.
फीत कोमट पाण्यावर तरंगते, जराशी सुरकुतते,
ते काचपट्टी तिरकी घालून उचलतात तिला
साय उचलावी तशी.
बत्तीस वर्षं झाली. फॉर्मलिनने नाक गेलं म्हणतात,
डाळ करपली हे बायको ओरडते तेव्हा कळतं.

मार्चमध्ये आलेला तुकडा
तांदळाच्या दाण्याएवढा.
चिठ्ठीवर: पेचियम्मा, ५१, नावलपिटियाच्या वरचा चहामळा.
जागा: डावा गाल. सवय: आहे.
वर जांभळं, खाली गुलाबी,
आणि गुलाबी ते सगळं थिजलेलं,
ओले दोर पिळून रचून ठेवल्यासारखं.
मध्ये ती रेघ,
जिच्या अलीकडे नुसती धास्ती, पलीकडे कॅन्सर.
रेघेखाली पेशींची तीन बेटं.
उतरली होती का ती?
की तुकडाच तिरका कापला गेला
आणि वरचंच खाली भासत होतं?

तिसऱ्या दिवशीही मी बघतच होते.
बाण थांबलेला.

तेवढ्यात क्लिनिकमधून फोन: तमिळ कुणाला येतं?
मला येतं. अकुरणेत आमच्या घरी तेच बोलतात.

खुर्चीत आधी तिचे पाय दिसले,
घोट्यांवर जळवांचे जुने डाग.
डॉक्टर म्हणाले, तोंड उघडायला सांग.
मी सांगितलं.
ती म्हणाली, उघडलंय.

दोन बोटंही जात नव्हती.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी माणसं
मी पाहिली होती;
इथे दाबणारा हात आतूनच वाढला होता.

पान कधीपासून? लग्नाआधीपासून.
सकाळच्या भोंग्यापासून वजनकाट्यापर्यंत भूक मरते त्याने,
शिवाय जळू चढली
की तिच्यावर थुंकता येतं.
हे तिने हसून सांगितलं, अर्धंच,
तेवढंच मावत होतं.
तिखट सोडून तीन वर्षं झाली.
लेकीच्या लग्नातही दहीभात,
तोही बोटाने ढकलत.

मग तिने विचारलं, तो तुकडा तुम्हीच बघता?
हो.
काय आहे?

काय दिसतं ते मला सांगता आलं असतं.

मी वर गेलेच नाही. पियदासांकडे गेले.
ते काही बोलले नाहीत. ठोकळा वितळवला,
दाणा चिमट्याने कुशीवर वळवला,
पुन्हा मेण ओतून
थंड पाटीवर ठेवला,
आणि मला चहा दिला, फार गोड.
बारा काचपट्ट्या.
दोन बेटं वरच्या काठाला चिकटलेली निघाली.
तिसरं सुटंच राहिलं, लहान लहान होत गेलं,
अकराव्या पट्टीत दाणाच संपला.
बारावी कोरी.

रिपोर्ट मी चार वेळा लिहिला.
"या तुकड्यावरून सांगता येत नाही.
कृपया आणखी खोलवरचा पाठवावा."
मॅडमनी बराच वेळ कोरी पट्टी पाहिली,
मग वाचलं,
"कृपया" खोडलं
आणि सही केली.

आता पुन्हा कापायचं आहे, हे तिला
तमिळमध्ये सांगणारी मीच.
मळ्यावरून दिवसाला दोनच बस,
आणि ती येईल त्या दिवसाची मजुरी बुडणार,
त्याला चिठ्ठीत रकाना नाही.
शब्द जुळवत जिना उतरले.
तळमजल्याचं दार उघडं होतं.
नव्या रिकाम्या डबीवर पियदास
पेन्सिलने तिचा नंबर घालत होते.
शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते.