डाव्या पायाची पिशवी

बॉयलर सूटचा डावा पाय
मांडीपासून कापला,
तळाशी दुहेरी टीप घातली,
तोंडाला हँगरची तार ओवली.
झाली पिशवी.
पान्ह्याचा खिसा तसाच ठेवला, त्यात सेफ्टी पिना.
उजव्या पायाला वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं इतकी
की चिमटे गळले असते.

केळुसकर तेव्हा सुक्या गोदीत होते.
गोदी सुकी, पण माणूस रोज
पिळून वाळत टाकावा असा घरी यायचा.
मनामात, गुदैबियाच्या एका गल्लीत
तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या
आणि वर गच्ची.
घरं पाच, तारा सहा.
सहावी कुणाची, यावर पहिली दोन वर्षं
कुणीच बोललं नाही.

ऑगस्टात तिथे कपडे वाळत नाहीत.
ऊन असतं, पापड भाजेल असं असतं,
पण समुद्र हवेत येऊन बसलेला.
रात्री टाकलेला परकर सकाळी अधिक जड.
जानेवारीत मात्र
शेवटचा टॉवेल टाकेपर्यंत पहिला कडक,
भिंतीला टेकवला तर उभा राहील.

आणि धुळीचं वादळ उठलं की
पाचही घरांतून चपला फटफटत वर.
हाताला लागेल ते ओढायचं,
मग जिन्यात वाटणी:
हा बनियन कुणाचा, ही खोळ तुझी का गं,
हा मोजा तर कुणाचाच नाही.
एलियम्माच्या नवऱ्याची लुंगी
एकदा आठवडाभर आमच्याकडे राहिली पाहुण्यासारखी.
इस्त्री करून परत पाठवली.

चिमटेही असेच घरं बदलायचे.
मी माझ्या चिमट्यांना लाल नेलपॉलिश लावलं.
मग शमशादने हिरवं आणलं, कुठून कोण जाणे.
एलियम्माने काळा दोरा गुंडाळला.
उम्म खलीलचे लाकडी, स्प्रिंगा गंजलेल्या.
पांढऱ्या थोबवर तांबूस डाग पडला म्हणून
सुनेला एकदा बोलली ती, गच्चीवर, सगळ्यांसमोर.
आम्हाला अरबी येत नव्हतं.
तरी शब्द न् शब्द कळला.

तीच माझी पिशवी पाहून हसत सुटली होती.
पाय हातात धरून हलवला तिने,
खाली गोदीच्या दिशेला बोट दाखवलं,
मग एका पायावर लंगडी घातली,
साठीची बाई, काळ्या अबायात.

मालक बदलला तेव्हा मोतालेब वॉचमनने
गच्चीच्या दाराला कुलूप घातलं
आणि आमच्याकडे न बघता खाली गेला.
आम्ही ड्रायर घेतला, हप्त्यांवर.
त्यातून कपडे निघतात ते गरम,
वास कशाचाच नाही,
वादळात धावायला नको, कुणाचं काही परत करायला नको.
शमशादची नि माझी गाठ पडायला
आता काहीतरी कारण लागायचं.

पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे राहिली.
चिमटे तूरडाळीच्या पाकिटाला,
पोराच्या चित्राला,
आजारपणात पडद्याच्या फटीला.

आज सामान बांधताना ती जमिनीवर ओतली.
त्रेपन्न.
प्लास्टिकचे काही नुसते हात लावताच मोडले, उन्हाने खाल्लेले.
लाल मोजले: नऊ.
बाकी हिरवे, दोऱ्याचे, दोन लाकडी,
आणि एक निळा,
ज्याच्यावर कसलीच खूण नाही.
म्हणजे माझे लाल
सियालकोटला असतील, कोट्टयमला असतील,
कुणाच्या साबुदाण्याचं तोंड धरून.
छे, तिकडे कुठला साबुदाणा.
असेल काहीतरी.

केळुसकर शेजारी खुर्चीवर,
डावा गुडघा ऑपरेशनचा, सरळ ताणलेला.
"माझाच पाय आहे ना हा?" म्हणाले पिशवीकडे बघून.
मग एक लाकडी चिमटा उचलून
बोटाला लावून पाहिला.
"अजून धरतो की."
आणि तो काढायचं विसरून
पुढच्या खोक्याला दोरी बांधायला लागले.