आखाजीची शिवी

आखाजीला तीन दिवस सगळं माफ असतं.
मारुतीच्या पारावर उघड उघड पत्ते बसतात,
पोलीसपाटील स्वतः पिसून देतात,
आणि ज्याला एरवी बिडीही लपवून ओढावी लागते
तो भरदुपारी बापासमोर शंभराची नोट टाकतो.

पोरींना एक संध्याकाळ.
झोक्यावरून उतरायचं, गौराई घेऊन
बोरीच्या कोरड्या पात्रात जायचं
आणि पल्याडच्या पोरींना शिव्या द्यायच्या.
मोठ्याने. आईबापावरूनसुद्धा.
दिवस बुडाला की तोंड धुवायचं,
मग वर्षभर पुन्हा "हळू बोल".

त्या साली मी सोळाची.
दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी
आईने माझी सायकल आढ्याला टांगली.
"आते कथी जानं शे तुले?"
कॉलेज अमळनेरला, अकरा किलोमीटर.
बाबा म्हणाले, बघू.
आमच्या घरात बघू म्हणजे स्थळ बघू.

प्रफुल्ल, माझा भाऊ, बारावीत दोनदा नापास,
रात्री दोनला आला तरी ताट झाकलेलं.
मी हापशावरून सात मिनिटं उशिरा आले तर
"इतला येळ कथी व्हती?"
सात मिनिटं, घड्याळ लावून मोजलेली.
विमल भोईणीची म्हैस व्याली, ते ऐकत होते.
खरं सांगितलं, म्हणून जास्तच खोटं वाटलं.

आखाजीच्या दुपारी तो आधी घड्याळ हरला,
मग मोबाइल,
मग आढ्यावरून काढून माझी सायकल.
पल्याडच्या एका पोराने
ती खांद्यावर घालून नदीतून नेली.
वाळूत चाक फिरत नाही.
बाबा हसले. "आखाजी शे भो, चालस."

संध्याकाळी पात्रात उभी राहिले.
वाळू अजून तापलेली, चपला हातात.
पल्याडून पहिली शिवी आली, आमच्या विहिरीवरून.
कोकिळाने तिला खणखणीत उत्तर दिलं.
माझी पाळी आली.
तोंड उघडलं
आणि पाय फिरले गावाकडे.

नाव घेऊन दिली. प्रफुल्ल्या, तुझ्या—
पुढचं इथे लिहीत नाही,
कागदावर ते शब्द सोवळे होऊन बसतात.
मग बाबांना, तीही अहो-जाहो करून.
मग त्या बघूला.

आमच्या काठाच्या पोरी गप्प.
पारावर पत्ते पिसायचे थांबले
ते मला तिथे ऐकू आलं.
मग माझ्या पाठीमागून, पल्याडहून,
एक पोरगी ओरडली. तिच्या भावाचं नाव.
दुसरीने चुलत्याचं.
आणखी कुणीतरी पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट,
तो सायकल नेणारा होता.

घरी काय झालं ते गालाला माहीत.
झोक्याचा दोर त्याच रात्री सोडला,
पारावर मात्र अजून दोन दिवस कंदील होता.

उशिरा अंधारात आई आली.
ताटलीत एक सांजोरी, कडेने मोडलेली.
बसली. पदराने गुडघे झाकले.
आई पल्याडच्याच गावची.
तीही कधी त्या काठावर उभी राहिली असेल
हे मला तोवर सुचलं नव्हतं.
"बापले जी दिधी ना," ती म्हणाली,
"तीमा एक शबद चुकना तुना.
आमना गावमा अशी देतस—"
आणि कानाशी येऊन
अख्खी म्हणून दाखवली.

सायकल परत आली नाही.
जूनमध्ये मी एस.टी.ने गेले,
ते कसं जमलं ती वेगळीच मारामारी.
घंटीची वाटी तेवढी माझ्याकडे आहे.
आढ्याला टांगलेली असतानाच कधीतरी
स्टुलावर चढून काढली होती, का ते आठवत नाही.
आता ऑफिसात टेबलावर, तिच्यात टाचण्या.
कोपर लागलं की वाजते
आणि शेजारचे साहेब
वर बघतात.