कालबूत

पालिकेनं मला एक टेप दिली, एक वही,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला
केळुसकरांचा ओमू.
वेंगुर्ल्यात पास्कोल मेंडिसनं बांधलेल्या
अकरा इमारती मेअखेर मोजायच्यात.

कस्टमचं जुनं ऑफिस. वाचनालय. काथ्याचं गोदाम.
पेढी, जिथे आता मोबाईल दुरुस्त होतात.
सगळीकडे त्याच अर्धगोल कमानी,
आणि खांब बुटके, जाडे,
पोटभर जेवून पडवीत बसलेल्या व्याह्यांसारखे.

ही तऱ्हा त्यानं म्हणे मुंबईत
एका जाड पुस्तकातून उतरवून घेतली :
थंड देशातली देवळं, करडा दगड,
खिडक्या इतक्या खोल
की उजेडानंही वाकून आत यावं.
रोमनेस्क, तो म्हणायचा.
गवंडी म्हणायचे रामनेसकी.
पेढीवाले कामत म्हणाले,
‘ह्यो कमानी कित्याक रे पास्कू?
आडवो वासो टाक नि सोड.’
त्यानं काय उत्तर दिलं ते कुणाला आठवत नाही.
कमान आहे.

करडा दगड इथे कुठला. जांभा.
खाणीतून निघतो तेव्हा ओला, मऊ,
वारा लागत जाईल तसा घट्ट होतो.
पुस्तकातल्या दगडावर होती पानं, श्वापदं,
दात विचकणारी माणसं.
चिऱ्यात कोरायला गेलं की भोकंच हाती येतात.
मेंडिसनं नक्षी सोडली. भोकं ठेवली.

मग साथच पसरली.
मिठाच्या कोठाराला कमान,
शाळेच्या मुतारीला कमान,
उभादांड्याला शेळ्यांच्या एका गोठ्याला तीन,
मधली जरा उंच,
बिशप येणार असल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी ओमू म्हणाला,
‘म्याडम, परत नऊ फूट चार इंच.’
सातव्या इमारतीतही नऊ-चार.
आणि प्रत्येक कमान डावीकडे
बोटभर जास्त फुगलेली.
मी वहीत लिहिलं : चूक.
मग खोडलं.

गोदामामागे इनास फर्नांडिसनं
सुकत घातलेली जाळी बाजूला केली.
खाली कालबूत.
सागाचे बाकदार वांक, खिळ्यांची भोकं,
सांध्यांत अजून राळ.
‘पास्कूच्या सासऱ्याचा मचवा,’ तो म्हणाला,
‘निवतीच्या खडकावर फुटला.
माणसं मिळाली नाहीत, लाकूड मिळालं.’
उजवी बाजू चेपलेली होती.
एक कमान उतरली की ते बैलगाडीतून
पुढच्या कामावर जायचं,
पालथं, कण्याशिवाय.

फॉर्ममध्ये रकाना आहे : शैली.
मी रोमनेस्क लिहिलं.
पुढे थोडी जागा उरली होती.
ओमू तोवर कालबुताखाली शिरून बसलेला,
टेपचं टोक मुठीत तसंच,
‘म्याडम, हय बरां थंड आसा.’