डिस्पॅचची वही

आमच्या कोल्हापुरात समुद्र नाही.
तरी सकाळी चहाआधी मी त्याचीच चौकशी करते:
तांबड्या समुद्रात रात्री काही पडलं का,
विम्याचा दर कुठवर चढला,
आणि आपला कंटेनर, चारशे बारा व्हॉल्व्ह-बॉड्या,
आफ्रिकेला वळसा घालत कुठं पोचला.

भट्टीवरचा इर्शाद जमादार विचारतो,
"सरळ वाट सोडून एवढं लांबनं का, मॅडम?"
वाटंत माणसं क्षेपणास्त्रं घेऊन बसल्यात, मी म्हणते.
तो हातमोजा काढतो.
"म्हणजे आम्ही ओतलेलं लोखंड
आमच्यापेक्षा जास्त जग बघतंय."
पगार सतरा दिवस लांबलाय.
तो विषय त्यानं काढला नाही.

जुलैत आणखी एक आकडा बघावा लागतो.
राजाराम बंधारा: एकेचाळीस फूट सात इंच.
त्रेचाळीसला धोका,
मग शिरोलीजवळ हायवेवर पाणी
आणि ट्रकांची रांग पार उजळाईवाडीपर्यंत.
त्यात आमचा बसगोंडा,
केबिनची दारं उघडी टाकून भडंग खात.
फोनवर म्हणाला,
"तिकडं जहाजांसंगं आरमार चालतंय म्हणं.
हिकडं एक पोलीस हाय, त्योबी शिट्टी हरवलेला."

हॅम्बुर्गच्या बाईंचा मेल:
या खेपेला अडथळा नक्की कुठं?
मी लिहिलं, पंचगंगा.
लगेच उत्तर आलं:
ही सामुद्रधुनी कोणत्या देशात येते?

खुलासा टाईप करत होते,
तेवढ्यात लाईट गेली.
वहीत पेनानं नोंद केली: बेचाळीस फूट.